चष्म्याचा नंबर म्हणजे नेमके काय? प्रकाश, भिंग आणि आपला डोळा

डोळे तपासून झाले आणि हातात चिठ्ठी पडली की पहिला प्रश्न असतो, "किती आला?" दुसरा लगेच येतो, "म्हणजे डोळे फारच कमजोर झाले का?" रुग्ण लहान असेल तर आई-वडील तिसरा प्रश्न विचारतात, "आत्तापासून चष्मा लावला तर सवय नाही ना लागणार?" या प्रश्नांमागची समजूत अशी की, नंबर म्हणजे डोळ्याच्या ताकदीचे मोजमाप आणि चष्मा म्हणजे कुबडी. ही समजूत चुकीची आहे. मोठ्यांचे त्यात फारसे बिघडत नाही, पण लहान मुलांच्या बाबतीत ती महागात पडते.

नंबर हे भिंगाचे माप आहे. पायाला नऊ नंबरची चप्पल लागते म्हणून तो पाय कमजोर ठरत नाही, तसेच हे. पण हे माप कशाचे, हे कळायला शाळेतला प्रकाशाचा धडा थोडा उजळावा लागेल.

वाटीतले नाणे

एका खोलगट स्टीलच्या वाटीत मधोमध रुपयाचे नाणे ठेवा. नाणे काठाआड जाऊन दिसेनासे होईल इतके मागे सरका आणि तिथेच थांबा. आता घरातल्या कोणाला तरी वाटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणे हललेले नसते, तुम्हीही हललेले नसता, तरी ते दिसू लागते. नाण्याकडून येणारे किरण पाण्यातून हवेत शिरताना वाकले आणि काठावरून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचले. यालाच प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. जुन्या पुस्तकांत वक्रीभवन हा शब्द आहे.

किरण वाकतो, कारण प्रकाशाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. पोकळीत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो, हवेत जवळपास तितकाच. पाण्यात तो सव्वादोन लाखांवर येतो आणि काचेत दोन लाखांच्या आसपास. पक्क्या रस्त्यावरून बैलगाडी तिरकी चिखलात उतरली तर काय होते ते आठवा. जे चाक आधी चिखलात जाते ते मंदावते, दुसरे अजून वेगातच असते, आणि गाडी वळते. गाडी सरळ समोरून उतरली तर दोन्ही चाके एकदम मंदावतात आणि ती वळत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. तिरका शिरला तर वळतो, सरळ शिरला तर नुसता मंदावतो. एखादा पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो याच्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा १, पाण्याचा १.३३, चष्म्याच्या साध्या काचेचा सुमारे १.५.

विषय डोळ्यांचा असला तरी जाता जाता एक सांगायलाच हवे. याच कारणाने विहिरीचा किंवा तळ्याचा तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. काठावरून चार फूट वाटणारे पाणी प्रत्यक्षात पाच फुटांहून खोल असते. पोहता न येणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

भिंग आणि त्याचा नंबर

काचेचा पृष्ठभाग गोलाकार घासला की प्रत्येक ठिकाणी किरण वेगवेगळ्या कोनातून शिरतो आणि वेगवेगळा वळतो. मध्ये जाड आणि कडेला पातळ असे भिंग किरणांना आत गोळा करते. हे बहिर्वक्र भिंग, म्हणजे 'प्लस'चे. मध्ये पातळ आणि कडेला जाड असे भिंग त्यांना बाहेर पसरवते. ते अंतर्वक्र, म्हणजे 'मायनस'चे.

घरात कोणाचा वाचायचा प्लसचा चष्मा असेल तर दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभे राहा आणि चष्मा भिंतीजवळ धरून हळूहळू मागे आणा. एका ठराविक अंतरावर खिडकीबाहेरच्या झाडांचे, इमारतींचे उलटे चित्र भिंतीवर उमटेल. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.) चष्मा +२ चा असेल तर हे अंतर अर्धा मीटर येते. +१ चा असेल तर एक मीटर, +४ चा असेल तर पाव मीटर. १ ला मीटरमधल्या त्या अंतराने भागले की नंबर मिळतो. त्याचे एकक डायॉप्टर. नंबर म्हणजे एवढेच. हे भिंग किरणांना किती जोरात वळवते, त्याचा आकडा.

डोळ्यातली दोन भिंगे

डोळ्यात एक भिंग असते हे सर्वांना माहीत असते, पण किरण वळवण्याचे मोठे काम ते करत नाही. ते काम डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्याचे, पारपटलाचे असते. आपण त्याला कॉर्निया म्हणतो. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते, त्यातली ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाची. कारण सर्वांत मोठा फरक तिथेच असतो. बाहेर हवा आणि आत पाण्यासारखा ओला पदार्थ. पाण्यात डुबकी मारून डोळे उघडल्यावर सगळे धूसर दिसते ते यामुळेच. बाहेरही पाणी आणि आतही पाण्यासारखेच, म्हणून कॉर्निया किरण वळवूच शकत नाही. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवेचा थर येतो आणि लगेच स्पष्ट दिसते.

राहिलेले काम बुबुळामागचे नेत्रभिंग करते. त्याचे खरे कौशल्य वेगळेच आहे. ते गरजेप्रमाणे फुगते आणि चपटे होते. त्याकडे चाळिशीच्या भागात येऊ.

सगळे जुळले तर किरण बरोबर मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर एकत्र येतात. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरने जास्त भरली, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या जाडीइतकी, तर सुमारे अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. नवजात बाळाचा डोळा १७ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो वाढत असताना लांबी आणि भिंगांची शक्ती एकमेकींशी जुळत जातात. इतक्या बारीक हिशोबात बहुतेकांचे जुळते याचेच मला अजून आश्चर्य वाटते. काहींचे थोडे चुकते, त्यात कमजोरी कसली?

मायनस, प्लस आणि सिलिंडर

डोळा लांब असेल (किंवा कॉर्निया जास्त बाकदार असेल) तर किरण पडद्याच्या आधीच एकत्र येतात. लांबचे धूसर आणि जवळचे स्पष्ट दिसते. ही निकटदृष्टिता. तिला मायनसचे भिंग लागते, ते किरणांना थोडे पसरवून भेटीची जागा मागे, पडद्यावर नेते. येथे नंबराचा अर्थ घरीही तपासता येतो. –२ नंबर असलेल्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतचे, म्हणजे हातभर अंतरावरचे नीट दिसते. –४ असेल तर पाव मीटरपर्यंतचे, वीतभराहून जरा जास्त. त्यापलीकडचे धूसर.

डोळा आखूड असेल तर किरण पडद्यापर्यंत पोचतात तरी एकत्र आलेले नसतात. त्याला प्लसचे भिंग लागते. प्लसच्या नंबराची गंमत म्हणजे लहान वयात नेत्रभिंग फुगून ही उणीव स्वतःच भरून काढते, त्यामुळे मूल फळ्यावरचे सगळे वाचते आणि तपासणीत सुटून जाते. पण डोळ्यांना सतत जोर लावावा लागतो. अभ्यासाला बसले की डोके दुखणे, पुस्तक नको वाटणे, काही मुलांत डोळा आतल्या बाजूला तिरळा होणे, ही लक्षणे त्यातूनच येतात.

सिलिंडरच्या नंबराला लोक उगीच घाबरतात. कॉर्निया चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा गोल नसून चमच्याच्या पाठीसारखा असेल, म्हणजे एका दिशेने जास्त बाकदार आणि दुसऱ्या दिशेने कमी, तर किरण एका बिंदूत भेटतच नाहीत. उभ्या रेषा स्पष्ट आणि आडव्या पसरलेल्या, किंवा याच्या उलट. त्यासाठी एकाच दिशेत शक्ती असलेले भिंग लागते. चिठ्ठीत त्याच्या पुढे १८० किंवा ९० असा जो आकडा असतो तो नंबर नसतो. ते भिंग कोणत्या कोनात बसवायचे याची ती सूचना असते. तो कोन चुकला तर चष्मा नवा असूनही दिसणे विचित्र राहते. स्वतःच्या डोळ्यासाठी असे भिंग पहिल्यांदा करवून घेतले ते जॉर्ज एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने, १८२५ च्या सुमारास. म्हणजे हा काही नव्या काळाचा आजार नव्हे.

आणखी एक गोंधळ. ६/६, ६/१२ हे नंबर नव्हेत, ते दृष्टीच्या स्पष्टतेचे माप आहे. निरोगी डोळा १२ मीटरवरून वाचतो ते अक्षर तुम्हाला ६ मीटरवर यावे लागत असेल तर तुमची दृष्टी ६/१२. डॉक्टरला खरी काळजी कशाची असते, तर योग्य चष्मा लावून दृष्टी किती होते याची. –८ नंबर आणि चष्म्याने ६/६, हा डोळा चांगला पाहतो. नंबर नुसता +१ पण चष्मा लावूनही ६/२४, तर शोध घ्यायला हवा.

मुलांना चष्मा उशिरा दिला तर

डोळा चित्र पडद्यावर पाडतो, पण पाहतो तो मेंदू. आणि मेंदूला पाहायला शिकावे लागते. हे शिक्षण जन्मापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जोरात चालते. या काळात एका डोळ्याकडून सतत धूसर चित्र येत राहिले तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. याला आळशी डोळा म्हणतात. पुढे विसाव्या वर्षी कितीही अचूक चष्मा दिला, लेझर केले, तरी त्या डोळ्याची दृष्टी सहसा पूर्ण परत येत नाही. कारण भिंगाचा दोष दुरुस्त झाला तरी मेंदूचे शिक्षण राहून गेलेले असते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक. एक डोळा उत्तम असतो, त्यामुळे मूल अडखळत नाही, टीव्ही जवळून पाहत नाही, तक्रार करत नाही. त्याला दुसरे काही माहीतच नसते. शाळेत जाण्याच्या वयाआधी एकदा आणि नंतर दर वर्षी डोळे तपासून घ्यावेत. मधल्या काळात घरी एक साधी गोष्ट करता येते. खेळता खेळता मुलाचा एक एक डोळा तळहाताने झाका आणि कॅलेंडरवरचे चित्र ओळखायला सांगा. एक डोळा झाकला की मूल चालवून घेते, पण दुसरा झाकला की हात ढकलते, रडते, मान वळवते. असे झाले तर वाट पाहू नका.

मुलांचा नंबर काढताना डोळ्यात थेंब का टाकतात, असे पालक विचारतात. मुलांचे नेत्रभिंग इतके लवचीक असते की तपासताना ते फुगते आणि खरा आकडा लपवते. प्लस कमी दिसतो, मायनस जास्त दिसतो. थेंबांनी ते तात्पुरते शिथिल होते. काही तास, औषध वेगळे असेल तर काही दिवस, जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. ते आपोआप जाते. संगणकी यंत्रावर अर्ध्या मिनिटात निघालेल्या आकड्यावरून मुलाला चष्मा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आकडा ही सुरुवात असते.

आता सवयीचा प्रश्न. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. मायनसचा नंबर वाढतो कारण मुलाची उंची वाढते तसा डोळाही लांबत असतो, आणि तो चष्म्याविनाही लांबलाच असता. मुद्दाम थोड्या कमी नंबरचा चष्मा दिला की वाढ थांबते, हेही खरे ठरलेले नाही. ज्याचा उपयोग दिसला आहे ते म्हणजे उघड्यावर, दिवसाच्या उजेडात रोज सुमारे दोन तास. त्याने मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी होते. नंबर भराभर वाढत असेल तर कमी शक्तीचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा खास प्रकारची भिंगे देतात, पण तो निर्णय मोजमापे पाहून नेत्रतज्ज्ञाने घ्यायचा.

चाळिशी

वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी! मराठीने हे नाते नेमके पकडले आहे. जवळचे पाहायला नेत्रभिंग फुगावे लागते. दहा वर्षांच्या मुलाचे भिंग बारा-तेरा डायॉप्टरइतकी शक्ती वाढवू शकते. वय वाढते तसे ते कडक होते. चाळिशीत हाताशी चार-पाच डायॉप्टर उरतात, साठीत जेमतेम एक.

हे फुगणे नेत्रभिंगच करते, कॉर्निया नाही, हे थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये दाखवले, तेही स्वतःच्या डोळ्यावर. त्यांनी डोळ्यापुढे पाणी धरून कॉर्नियाचे काम बंद पाडले आणि तरीही जवळ-लांब जुळवून घेता येते हे सिद्ध केले. वर सांगितलेला डुबकीचाच प्रयोग, फक्त हुशारीने केलेला.

पेपर आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. १ भागिले ०.४, म्हणजे अडीच. म्हणूनच चिठ्ठीतला 'ॲड'चा आकडा वयाबरोबर वाढत अडीच-तीनपाशी थांबतो. दर दोन वर्षांनी तो थोडा वाढला तर डोळे 'चालले' असे समजू नका. मायनस नंबरवाले मात्र साठीतही चष्मा काढून सुई ओवतात आणि भाव खातात. –२.५ चा डोळा ४० सेंटिमीटरवर आपोआपच जुळलेला असतो, त्यात विशेष काही नाही.

नंबर अचानक बदलला तर

मधुमेहात रक्तातली साखर वर-खाली झाली की नेत्रभिंगात पाणी शिरते किंवा निघून जाते आणि नंबर काही दिवसांत बदलतो. अशा वेळी घाईने चष्मा केला तर साखर आटोक्यात आल्यावर तो निरुपयोगी ठरतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. मात्र पडद्याची तपासणी त्यासाठी लांबवू नका.

साठीनंतर एखाद्याला अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते आणि घरात आनंद होतो. बहुतेक वेळा हे मोतीबिंदूचे लक्षण असते. भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याचा अपवर्तनांक वाढतो आणि डोळा मायनसकडे झुकतो. किशोरवयात सिलिंडरचा नंबर झपाट्याने वाढत असेल आणि मूल सतत डोळे चोळत असेल तर कॉर्निया पातळ होऊन पुढे येत आहे का, हे तपासावे लागते.

घरच्या घरी एक चाचणी उपयोगी पडते. जाड कागदाला पिनने एक बारीक भोक पाडा आणि चष्मा न लावता एका डोळ्याने त्यातून लांबची पाटी पाहा. भोकातून फक्त मधले, फारसे वळावे न लागणारे किरण आत येतात. अक्षरे स्पष्ट झाली तर दोष बहुधा नंबराचा आहे. भोकातूनही धूसरच राहिली तर कारण दुसरे असू शकते, आणि चष्म्याच्या दुकानाऐवजी डॉक्टरकडे जावे.

मोठा मायनस नंबर असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेझरने कॉर्नियाचा बाक कमी होतो आणि चष्मा जातो, पण डोळ्याची लांबी तीच राहते. ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, काळ्या ठिपक्यांचा एकदम वर्षाव, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डोळे दाखवा, लेझर झालेले असले तरी.

मोतीबिंदूनंतरचे भिंग

पूर्वी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच उरत नसे. मग +१० च्या आसपासचा जाड, बाहेर आलेल्या काचांचा चष्मा लावावा लागे. आजोबांच्या जुन्या फोटोत तो पाहिला असेल. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत आणि कडेचा भाग दिसेनासा होई, त्यामुळे पायरी चुके, चहाच्या कपापर्यंत हात नीट जात नसे. युद्धात विमानाच्या काचेच्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळा ते सहन करतो, हे लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले आणि १९४९ मध्ये त्यांनी त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकचे भिंग डोळ्यात बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. आज बसवतात ती भिंगे त्याच कल्पनेची पुढची रूपे आहेत.

शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या कार्डावर २०.५ किंवा २२ असा आकडा पाहून काही जण घाबरतात. हा चष्म्याचा नंबर नव्हे. काढलेल्या नैसर्गिक भिंगाच्या जागी ठेवलेल्या भिंगाची ती शक्ती आहे, आणि ती वीसच्या आसपास असणे हे साधारणच आहे. कार्ड जपून ठेवा, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी लागते.

हा आकडा ठरवण्यासाठी आधी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक मोजतात. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तरी अडीच-तीन नंबरचा फरक पडतो, म्हणून या मोजणीला वेळ लागला तर लागू द्या. तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा, कारण त्यांनी कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. पूर्वी लेझर झाले असेल तर ते सांगायलाच हवे. बदललेल्या कॉर्नियावर नेहमीचे गणित चुकते. आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी विचारा की चष्म्याविना लांबचे दिसेल असे भिंग बसवणार की जवळचे. साध्या भिंगाला फुगता येत नाही, त्यामुळे दोन्हींपैकी एकासाठी चष्मा लागतोच. आयुष्यभर मायनस नंबर असलेल्या आणि चष्मा काढून पोथी वाचणाऱ्या आजींना लांबचे भिंग बसवले तर लांबचे लख्ख दिसते, पण पोथीसाठी त्यांना पहिल्यांदाच चष्मा घ्यावा लागतो. त्यांना काय हवे आहे, ते त्यांनाच आधी विचारा.